दर पावसाळ्यात निकामी होणारा घरगुती उच्चदाब ट्रान्सफॉर्मर: इन्सुलेशनची निवड कुठे चुकते

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून होतो, पहिल्या चाचणीत उत्तम चालतो, तीन-चार आठवडे कसलीही तक्रार करत नाही आणि मग एखाद्या दमट संध्याकाळी फट् असा आवाज होऊन फ्यूज उडतो. दुरुस्त केला की पुन्हा तेवढेच दिवस चालतो आणि पुन्हा जवळपास त्याच ठिकाणी जळतो. घरी उच्चदाबाचे ट्रान्सफॉर्मर करून पाहणाऱ्या बहुतेकांना ही तक्रार ओळखीची असेल. माझ्या बाबतीत ती तीन वेळा घडली, आणि तिन्ही वेळा मी इन्सुलेशनची जाडी वाढवण्यापलीकडे फारसे काही केले नाही. ते उत्तर अपुरे का होते आणि चौथ्या खेपेस काय बदलले, हे इथे हिशेबासह मांडतो.

यंत्र साधे आहे. अगरबत्तीचा धूर काचेच्या नळीतून सोडून तो विद्युतक्षेत्राने खाली बसवण्याचे प्रात्यक्षिक शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी मला ५ किलोव्होल्ट आणि २० मिलिअँपिअर देणारा, म्हणजे १०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हवा होता. कोअरचे, म्हणजे गुंडाळीच्या आतल्या लोखंडी गाभ्याचे, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरले आणि चुंबकीय घनता १.२ टेस्ला ठेवली, तर ५० हर्ट्झवर दर फेऱ्याला सुमारे ०.२७ व्होल्ट मिळतात. त्या हिशेबाने प्रायमरीला (घरातली वीज घेणाऱ्या गुंडाळीला) ८६५ आणि सेकंडरीला (उच्चदाब देणाऱ्या गुंडाळीला) जवळपास १८,८०० फेरे लागतात. सेकंडरीसाठी ४२ गेजची, म्हणजे ०.१ मिमी व्यासाची इनॅमल (पातळ इन्सुलेटिंग लेप दिलेली) तार वापरली. स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) आणि तार लॅमिंग्टन रोडवरून आणली, गुंडाळण्यासाठी वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्यांकडील काउंटर लावलेले हातमशीन वापरायला मिळाले, आणि हे सगळे ऐरोलीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवरच्या घरात चालवले. खाडीचा उल्लेख वर्णनाच्या हौसेने केलेला नाही. तो पुढे कामाला येणार आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. ५ किलोव्होल्ट आणि २० मिलिअँपिअर हे माणसाचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. घरातल्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) आहे, या समजुतीवर विसंबून राहता येत नाही, कारण सेकंडरी प्रायमरीपासून विद्युतदृष्ट्या वेगळी असते आणि सेकंडरीकडून अंगातून जाणारा प्रवाह आरसीसीबीला दिसतच नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर तर याहून वाईट. त्याचा दाब दोन किलोव्होल्टच्या आसपास असला तरी त्याची प्रवाह देण्याची ताकद शेकडो मिलिअँपिअरची असते आणि चूक सुधारायला तो दुसरी संधी देत नाही. ज्यांना उच्चदाबाच्या कामाची सवय नाही त्यांनी फक्त प्रात्यक्षिकासाठी हा खटाटोप करू नये, असेच मी सुचवीन. पुढचे लेखन ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी बिघाड ओळखावा

इन्सुलेशन 'गेले' असे आपण एका शब्दात म्हणतो, पण ते जाण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. पहिल्याच वेळी दाब देताना बिघाड झाला, तर बहुधा गुंडाळताना तार खरचटलेली असते किंवा एखादा फेरा थराच्या कडेवरून घसरून खालच्या थरांत गेलेला असतो. आठवडे किंवा महिने व्यवस्थित चालल्यावर बिघाड झाला आणि गुंडाळी उकलल्यावर सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र दिसले, तर आत कुठेतरी हवा अडकली होती आणि तिच्यात सतत बारीक ठिणग्या पडत होत्या, असे समजावे. फक्त पावसाळी दिवसांत सळसळ ऐकू येते, कोरड्या दिवशी ती थांबते आणि अंधारात बॉबिनच्या (तार ज्यावर गुंडाळतात त्या साच्याच्या) कडेवर जांभळट रेघा दिसतात, तेव्हा दोष पृष्ठभागावरून सरकणाऱ्या प्रवाहाचा असतो. माझ्या तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शेवटचे दोन्ही दोष एकत्र होते, त्यामुळे नेमका कोणता आधी सुरू झाला हे ठरवण्यात माझे आठ दिवस गेले.

ओझोनचा तिखट वास हे सगळ्यांत स्वस्त साधन. त्याहून उपयोगी साधन म्हणजे जुना एएम ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झपासून थोडे बाजूला, जिथे कोणतेच केंद्र लागत नाही तिथे काटा ठेवावा आणि रेडिओ ट्रान्सफॉर्मरपासून दीड-दोन मीटर अंतरावर ठेवून दाब हळूहळू वाढवावा; आत ठिणग्या सुरू होताच स्पीकरमधून करकर ऐकू येते. ज्या दाबाला ही करकर सुरू होते तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. मेगरचे (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन चांगले आले म्हणून निर्धास्त झालेले अनेक जण मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो. परंतु १,००० व्होल्टचा डीसी मेगर ओलावा आणि घाण दाखवतो, आत अडकलेली हवा तो दाखवू शकत नाही.

जाडी वाढवून प्रश्न का सुटत नाही

पहिल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मी एकूण १ मिमी जाडीची मायलर (पॉलिएस्टरची) फिल्म गुंडाळली होती. ५० मायक्रॉनची चांगली मायलर एकटीच काही किलोव्होल्ट क्षणभर सहज सोसते, तेव्हा तिचे वीस पदर ५ किलोव्होल्टला कितीतरी जास्त, असा माझा हिशेब होता. हिशेबात हवा धरलेली नव्हती. प्रायमरीच्या जाड तारेच्या गोलाईमुळे आणि बॉबिनच्या कोपऱ्यांवर फिल्म ताठ उभी राहिल्यामुळे काही ठिकाणी ०.२ मिमीची पोकळी राहिली होती.

दोन पदार्थ एकापाठोपाठ एक ठेवले आणि त्यांवर एसी दाब दिला, की विद्युतक्षेत्र त्यांच्यात परावैद्युतांकाच्या (पदार्थ आपल्यातले विद्युतक्षेत्र किती पट कमी करतो त्या आकड्याच्या) व्यस्त प्रमाणात वाटले जाते. मायलरचा परावैद्युतांक सुमारे ३.२ आणि हवेचा १. म्हणजे हवेच्या पोकळीतले क्षेत्र शेजारच्या मायलरमधल्या क्षेत्राच्या ३.२ पट असते. ५ किलोव्होल्टचे शिखर, म्हणजे चक्रातला कमाल दाब, ७.०७ किलोव्होल्ट धरले, तर १ मिमी मायलर आणि ०.२ मिमी हवा या जोडीत हवेच्या वाट्याला जवळपास २.७५ किलोव्होल्ट येतात. ०.२ मिमी हवा वातावरणीय दाबाला साधारण दीड किलोव्होल्टच्या शिखरापर्यंतच तग धरते. म्हणजे मायलरला काहीही न होता तिच्या शेजारची हवा दर अर्ध्या चक्राला फुटत होती. सेकंदाला किमान १०० वेळा, तासाभराच्या प्रात्यक्षिकात किमान ३ लाख ६० हजार वेळा. अशा ठिणग्यांचा मारा पॉलिएस्टरला सोसत नाही. तो पृष्ठभाग खात खात आत शिरतो आणि काही आठवड्यांनी उरलेली जाडी एका झटक्यात जाते. ट्रान्सफॉर्मर महिनाभर का चालला आणि मग का जळला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते.

आता जाडी दुप्पट करून पाहू. २ मिमी मायलर आणि तीच ०.२ मिमी पोकळी घेतली, तर हवेवर सुमारे १.७ किलोव्होल्ट येतात, जे अजूनही दीडपेक्षा जास्तच आहेत. खर्च दुप्पट, उष्णता बाहेर पडायला अडथळा दुप्पट, आणि ठिणग्या तशाच. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मी नेमके हेच केले होते. उलट त्याच पोकळीत हवेऐवजी खनिज तेल असते, तर तेलाचा परावैद्युतांक २.२ असल्यामुळे तिच्या वाट्याला जेमतेम १.६ किलोव्होल्ट आले असते, आणि कोरड्या, स्वच्छ तेलाचा ०.२ मिमीचा थर एवढे सहज पेलतो. भारतीय मानक ३३५ नुसार नव्या, न गाळलेल्या तेलानेसुद्धा २.५ मिमी अंतरावर किमान ३० किलोव्होल्ट सोसले पाहिजेत, आणि बारीक थरात तेलाची दर मिलिमीटर क्षमता त्याहून बरीच जास्त असते.

म्हणून पदार्थ निवडताना त्याच्या पाकिटावरचा किलोव्होल्ट प्रति मिमी हा आकडा मी आता शेवटी पाहतो. आधी पाहायचे ते हे, की हा पदार्थ बसवल्यावर हवा कुठे राहील आणि ती काढून तिथे दुसरे काय भरता येईल.

इथे वाइंडिंगवाल्या काकांशी झालेला एक वादही नोंदवून ठेवतो. दुसरा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, वार्निश कमी पडलंय, ब्रशनं आणखी दोन हात मारा." मोटारीच्या गुंडाळीसाठी त्यांचा सल्ला अनुभवाचा आहे आणि तिथे तो चालतोही. माझ्या ५७ थरांच्या घट्ट गुंडाळीवर बाहेरून मारलेले जाड वार्निश कडेलाच सुकले, आतला विद्रावक आणि हवा आतच कोंडली गेली, आणि हा ट्रान्सफॉर्मर पहिल्यापेक्षाही लवकर, अठरा दिवसांत गेला. वार्निश आत मुरवायचे असेल तर गुंडाळी आधी तापवून कोरडी करावी लागते, निर्वात भांड्यात बुडवावी लागते आणि नंतर भट्टीत पक्की करावी लागते. ब्रशने फक्त वरचा थर चकचकीत होतो.

रचनेतली एक चूक, जी कोणताही पदार्थ भरून काढत नाही

वरचा सगळा हिशेब पूर्ण ५ किलोव्होल्ट प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये येतात असे धरून केला आहे, आणि माझ्याकडे ते खरेच येत होते, कारण सेकंडरीचे आतले टोक मी उच्चदाबाचे ठेवले होते. सेकंडरीचे एक टोक अर्थ करायचेच (जमिनीशी जोडायचेच) असेल, तर ते आतले टोक असावे. मग प्रायमरीशेजारचा थर अर्थच्या पातळीवर राहतो, दाब थराथराने बाहेरच्या बाजूला वाढत जातो आणि त्या दोन गुंडाळ्यांमधला ताण जवळजवळ नाहीसा होतो. पूर्ण दाब फक्त सर्वांत बाहेरच्या थरावर राहतो आणि तिथे कोअरपर्यंत मोकळी जागा ठेवणे तुलनेने सोपे असते. हा बदल फुकट आहे. तो मला तिसऱ्या वेळी सुचला याची खंत वाटते.

थरांमधल्या इन्सुलेशनचा हिशेबही अनेक जण उगाच अवघड करतात. ४० मिमी रुंदीच्या थरात ०.१२ मिमी बाहेरच्या व्यासाची तार सुमारे ३३३ फेरे बसते, म्हणजे एका थराला ८९ व्होल्ट; दोन शेजारच्या थरांच्या उघड्या टोकाशी १७८ व्होल्ट, शिखर २५० च्या आसपास. हवा किती दाबाला फुटते ते सांगणाऱ्या पाशेनच्या नियमानुसार सपाट पृष्ठभागांमधली हवा, अंतर कितीही असो, ३२७ व्होल्टच्या खाली फुटत नाही. म्हणजे थर नीट बसवले तर थरांच्या मध्ये साधा पातळ क्राफ्ट कागदही पुरतो आणि तिथे ठिणगीच सुरू होत नाही. धोका कडेला आहे. कडेचा एक फेरा पाच थर खाली घसरला, तर इनॅमलच्या त्या पातळ लेपावर साडेचारशेहून अधिक व्होल्ट येतात, आणि इनॅमल हे शेजारच्या दोन फेऱ्यांना वेगळे ठेवण्यासाठी आहे, एवढ्या ताणासाठी नाही. प्रत्येक थराच्या दोन्ही कडांना ४ ते ५ मिमी जागा रिकामी सोडावी आणि कागद बॉबिनच्या भिंतीपर्यंत पूर्ण रुंदीचा घ्यावा. त्यासाठी थरातले फेरे कमी होतात, थर वाढतात, गुंडाळायला आणखी एक रविवार जातो. तो जाऊ द्यावा. तार कशीही भरून गुंडाळायची असेल, तर बॉबिनचे पाच-सहा कप्पे करावेत, म्हणजे एका कप्प्यात हजार व्होल्टच्या आसपासच दाब राहतो.

कोणता पदार्थ कुठे

कागद आणि तेल ही जोडी जुनी असली तरी घरगुती कामासाठी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. कागदाच्या तंतूंमधून तेल स्वतःच आत चढते आणि हवेला बाहेर काढते. मायलरचा गुळगुळीतपणा इथे उणिवेचा ठरतो, कारण दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या की मधली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तेलाला आत शिरायलाही. मायलर वापरायचीच असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना तंतूंचा पदर असलेला डीएमडी कागद घ्यावा, किंवा एक पदर मायलर आणि एक पदर क्राफ्ट असे आलटून पालटून ठेवावे. नोमेक्स (कृत्रिम तंतूंचा कागद) उत्तम, उष्णताही खूप सोसतो, पण किंमत पाहता तो १०० व्होल्ट-अँपिअरच्या यंत्राला लागत नाही. अभ्रक ठिणग्यांचा मारा वर्षानुवर्षे सोसतो. मात्र त्याचे तुकडे वळत नाहीत, त्यामुळे तो गुंडाळीच्या आत न वापरता सपाट जागी, बाहेरच्या थराच्या आणि कोअरच्या मध्ये वापरावा.

लेदरॉइड कागद दुकानदार सर्रास देतात. मोटारीच्या खाचा भरायला तो चांगला आहे, परंतु कोरडा केल्याशिवाय तो इन्सुलेशन समजू नये. बेकलाइटच्या पट्टीचेही तसेच, शिवाय तिच्यावर एकदा काळी रेघ उमटली की ती रेघ कोळशाची असते आणि कोळसा वीज वाहून नेतो. सँडपेपरने घासून वर वार्निश लावण्याचा प्रयोग मी केला आहे आणि तो दोन दिवस टिकला. रेघ उमटलेला भाग कापून टाकावा किंवा पट्टी बदलावी.

पीव्हीसी टेप उच्चदाबाच्या गुंडाळीत कुठेही नको. तिचा गोंद उष्णतेने सरकतो, तेलात तिच्यातले मऊपणा देणारे द्रव्य उतरते, आणि तिच्या प्रत्येक पदराखाली हवेचा एक पातळ थर राहतो. त्याऐवजी सुती टेप वापरावी, जी तेल पिते. बाहेर येणाऱ्या उच्चदाबाच्या तारेसाठी टीव्हीच्या जाड कोअॅक्सिअल केबलमधला घन पॉलिथिनचा गाभा, वरची जाळी काढून, फार चांगला चालतो; फेसाळ पॉलिथिनचा मात्र नको, कारण त्या फेसातला प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक पोकळी आहे. सिलिकॉन सीलंट लावायचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा टाळावा. त्यातले आम्ल बारीक तांब्याला खाते.

इपॉक्सीबद्दल मला अनेकदा विचारणा होते. इपॉक्सी उत्तम पदार्थ आहे आणि घरी ओतलेले इपॉक्सी बहुधा वाईट असते. ढवळताना शिरलेले बुडबुडे, एकदम जास्त ओतल्याने तापून आलेले तडे, सुकताना आकसल्यामुळे तारेपासून सुटलेली कड, या सगळ्यांत हवाच असते, आणि इपॉक्सीचा परावैद्युतांक सुमारे ४ असल्यामुळे त्या हवेवर ताण आणखी जास्त येतो. निर्वात पंप नसेल तर हा मार्ग सोडावा. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून कामचलाऊ निर्वात करता येते, हे खरे आहे. मेण गोठताना आकुंचन पावते आणि मधोमध भेग टाकते, म्हणून त्याचाही मोह नको. निऑन पाट्यांच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डांबर ओतलेले असे, ते काम कारखान्यातल्या भट्टीत होते. स्वयंपाकघरातल्या गॅसवर डांबर वितळवणे धोक्याचे आहे. त्रिमिती छपाईच्या बॉबिन सध्या लोकप्रिय आहेत, परंतु छपाईच्या प्रत्येक दोन रेघांमध्ये पोकळी राहते आणि पीएलए हे छपाईचे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते.

तेल कोणते घ्यावे? ट्रान्सफॉर्मरचे नवे खनिज तेल मिळाले तर उत्तम. औषधांच्या दुकानातले पातळ लिक्विड पॅराफिन हेही शुद्ध खनिज तेलच असते आणि छोट्या यंत्राला चालते. भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल फुकट मिळाले तरी घेऊ नये. काही जुन्या उपकरणांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी द्रव्य असते, ज्याच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र आदेश काढला आहे. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल सुरुवातीला चालते आणि काही महिन्यांत हवेने चिकट होते. खोबरेल तेलाविषयी विचारणाऱ्यांनी जानेवारीतली बाटली आठवावी. आणि खनिज तेल जळते, याचा विसर पडू नये: त्याचा प्रज्वलनांक १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणून डबा पत्र्याचा आणि अर्थ केलेला असावा, प्लॅस्टिकचा नसावा.

पाऊस, खाडी आणि ओलावा

आता खाडीकडे येतो. ठाणे आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि खाडीकाठी धुळीत मिठाचा अंश असतो. मीठ मिसळलेली धूळ कोरडी असताना निरुपद्रवी असते; तिने ओलावा धरला की बॉबिनच्या पृष्ठभागावर वीज वाहण्याजोगा पातळ थर तयार होतो. मे महिन्यात जो ट्रान्सफॉर्मर ५ किलोव्होल्टला गप्प होता, तोच जुलैमध्ये ३.४ किलोव्होल्टला करकरू लागला, अशी माझ्या वहीत नोंद आहे. रात्री आमच्याकडे मुख्य दाब २४५ व्होल्टपर्यंत चढतो. त्यामुळे सेकंडरीही त्याच प्रमाणात वाढून ५.३ किलोव्होल्टवर जाते. बिघाड संध्याकाळनंतरच का होत असे, याचा उलगडा मला व्होल्टमीटर लावून ठेवल्यावर झाला.

कागद तर ओलावा पिण्यासाठीच जन्मलेला असावा. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला माझा ४० ग्रॅम क्राफ्ट कागद वाळवल्यावर ३ ग्रॅमने हलका झाला, म्हणजे साडेसात टक्के पाणी होते. असा कागद कोरड्या तेलात बुडवला तर तो तेलालाही ओले करतो. म्हणून पूर्ण गुंडाळी, कोअर बसवण्याआधी, १०० ते १०५ अंशांवर वाळवावी आणि दर तासाला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावी. सलग दोन वजने सारखी आली की ती कोरडी झाली. मला नऊ तास लागले. वाळवण्यासाठी वापरलेला ओटीजी नंतर खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, कारण इनॅमल आणि वार्निशचे वाफारे त्यात बसतात. घरच्यांचा या विषयावरचा अभिप्राय इथे लिहीत नाही. ओटीजी नसेल तर पत्र्याच्या मोठ्या डब्यात १०० वॉटचा जुना बल्ब लावून आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवून काम होते. गुंडाळी गरम असतानाच गरम केलेल्या तेलात सोडावी. थंड होताना ती तेल आत ओढून घेते, आणि पुढचे दोन-तीन तास बुडबुडे येत राहतात. ते पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतरचा एक दिवस दाब देऊ नये.

उच्चदाबाची तार डब्याच्या झाकणातून बाहेर येते तिथे पृष्ठभागावरचे अंतर वाढवावे लागते. सरळ हवेतले अंतर १० मिमी पुरेल असे वाटले तरी पृष्ठभागावरून मी दमट हवेसाठी ५० मिमी ठेवले, आणि त्यासाठी जुन्या चिनीमातीच्या इन्सुलेटरचा उपयोग केला. चिनीमातीवर ठिणगी सरकली तरी कोळशाची रेघ उमटत नाही. तारेच्या जोडावर सोल्डरचे टोक उभे राहू नये. मोठा, गोल, मण्यासारखा थेंब करावा, कारण टोकाशी क्षेत्र एकवटते आणि करकर तिथूनच सुरू होते.

दाब देताना

प्रायमरीच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा फिलामेंट बल्ब ठेवावा. गुंडाळीत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि तार वाचते. सेकंडरीचा दाब व्हेरिअॅकने (प्रायमरीचा दाब कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) ५०० व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबावे आणि रेडिओ ऐकावा. कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची कसोटी दुप्पट दाबाने घेतात, पण त्यासाठी वारंवारताही वाढवतात, अन्यथा ५० हर्ट्झवर कोअर संपृक्त होऊन (त्याचे चुंबकत्व आणखी वाढेनासे होऊन) प्रायमरी भरमसाट प्रवाह ओढते. घरी मी १० टक्के जास्त दाबावर तासभर शांतता, एवढीच कसोटी ठेवली आहे. बंद केल्यावर, विशेषतः पुढे डायोड आणि कपॅसिटर जोडलेले असतील तर, लांब कोरड्या काठीला बांधलेल्या अर्थच्या तारेने टोकावरचा विद्युतभार विसर्जित केल्याशिवाय हात घालू नये, आणि एकट्याने हे काम करू नये.

ज्यांचा ट्रान्सफॉर्मर फेराइट कोअरवर ३० किलोहर्ट्झला चालतो, त्यांनी वरचे सगळे अधिक कडकपणे पाळावे. तिथे तीच पोकळी त्याच वेळात ६०० पट जास्त वेळा फुटते, म्हणून जो दोष ५० हर्ट्झवर महिन्याने दिसतो तो तिथे तासाभरात दिसू शकतो; शिवाय पीव्हीसीसारखा पदार्थ ठिणगी न पडताही नुसता तापतो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि टेफ्लॉन यांच्यात ही उष्णता फार कमी निर्माण होते.

चौथा ट्रान्सफॉर्मर कागद आणि तेलाचा आहे, आतले टोक अर्थ केलेले, कडांना ५ मिमी जागा सोडलेली. त्याचा हा दुसरा पावसाळा आहे. जुलैतल्या चाचणीत रेडिओ ५.५ किलोव्होल्टपर्यंत गप्प राहिला. झाकणाचे गॅस्केट मी आधी साध्या रबराचे केले होते. ते तेलात फुगून बाहेर आले आणि डब्याच्या कडेने तेल पाझरू लागले, म्हणून आता नायट्राइल रबराचे बसवले आहे. झाकणावर श्वासनळी म्हणून लावलेल्या बाटलीतले निळे सिलिका जेल (ओलावा शोषला की ते गुलाबी होते) गेल्या पंधरवड्यात वरून एक बोटभर गुलाबी झाले आहे. ते अर्ध्यापर्यंत पोहोचले की बदलायचे, आणि त्याच वेळी तेलाचा नमुना काढून रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात एखादी तेल-चाचणी करून देणारी प्रयोगशाळा मिळते का ते पाहायचे, एवढे काम शिल्लक आहे.